आइन्स्टाइनचा ताळेबंद आणि औंढ्याची वेधशाळा

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ हे गाव आजवर महाराष्ट्राला ज्योतिर्लिंगाचे स्थान म्हणून परिचित होते. त्याच तालुक्यात गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने ६ एप्रिल २०२३ रोजी अंतिम मान्यता दिली आणि तिच्यासाठी सुमारे २६०० कोटी रुपयांची तरतूद मंजूर केली. त्यानंतर आमच्या महाविद्यालयाच्या अध्यापक-कक्षात या विषयावर जी चर्चा झाली ती या लेखास निमित्त ठरली. मूळचे मराठवाड्याचे असलेले एक सहकारी म्हणाले, “सर, एवढ्या पैशात आमच्याकडे सिंचनाची किती कामे मार्गी लागली असती, याचा हिशोब तुम्ही अर्थशास्त्राची माणसे का मांडत नाही? शिवाय या लहरी अमेरिकेत सापडून गेल्या आहेत. सापडलेली वस्तू पुन्हा शोधण्यात काय हशील?”

प्रश्नाचा पूर्वार्ध जुना आहे आणि तो विचारला गेलाच पाहिजे. उत्तरार्ध मात्र अधिक मूलगामी आहे. सापडलेल्या गोष्टीचा पुन्हा शोध घ्यायचा असेल तर औंढ्याची वेधशाळा ही खरोखरच उधळपट्टी ठरेल. प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा अध्यापक असून पदार्थविज्ञानाचा अधिकारी नव्हे; तथापि या प्रश्नाचे उत्तर शोधताना असे आढळून आले की, लहरी सापडल्या असल्या तरी त्या नेमक्या कोणत्या प्रकारच्या आहेत याचा निकाल अद्याप पुरता लागलेला नाही, आणि तो लागल्याशिवाय आइन्स्टाइनचा सिद्धांत अखेरच्या कसोटीला उतरला असे म्हणता येत नाही. या कसोटीचे नाव ध्रुवण. (‘ध्रुवीकरण’ हा शब्द आपल्याकडे निवडणुकांनी इतका वापरून टाकला आहे की विज्ञानासाठी जुना ‘ध्रुवण’ हाच शब्द बरा.)

आइन्स्टाइनने १९१५ साली व्यापक सापेक्षता सिद्धांत मांडला आणि पुढच्याच वर्षी त्यातून गुरुत्वीय लहरींचे भाकीत केले. प्रचंड वस्तुमानाच्या दोन वस्तू एकमेकींभोवती फिरू लागल्या की अवकाशच ताणले-आकसले जाते आणि तो ताण प्रकाशाच्या वेगाने पसरत जातो, असे या भाकिताचे सार. समजा, अशी एक लहर या कागदाच्या पाठीमागून सरळ आपल्याकडे येत आहे आणि तिच्या वाटेत एक बांगडी धरली आहे. आइन्स्टाइनच्या सिद्धांतानुसार बांगडी एकदा उभी लांबोळकी होईल व आडवी दबेल, पुढच्या क्षणी आडवी लांबेल व उभी दबेल. हा ध्रुवणाचा एक प्रकार. हीच क्रिया ४५ अंशांनी कलती झाली की दुसरा प्रकार. या सिद्धांतात तिसरा प्रकार नाही. बांगडीचे क्षेत्रफळ दोन्ही प्रकारांत बदलत नाही आणि लहर ज्या दिशेने प्रवास करते त्या दिशेस काहीही हालचाल होत नाही.

इतर सिद्धांतांना मात्र हे बंधन नाही. १९६१ साली ब्रान्स आणि डिकी यांनी मांडलेल्या सिद्धांतात तिसरा एक प्रकार संभवतो. त्यात लोहाराच्या भात्याप्रमाणे संपूर्ण बांगडी फुगते आणि आकसते. पुढे १९७३ साली अर्डली, ली, लाइटमन, वॅगनर आणि विल या पाच शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, गुरुत्वाकर्षणाला अवकाश-कालाची भूमिती मानणाऱ्या कोणत्याही सिद्धांतात ध्रुवणाचे जास्तीत जास्त सहा प्रकार असू शकतात. त्यांपैकी दोन आइन्स्टाइनचे, ज्यांना शास्त्रज्ञ प्रदिश म्हणतात; दोन सदिश, ज्यांत लहरीच्या प्रवासाची दिशाही हालचालीत सामील होते; आणि दोन अदिश, म्हणजे वर सांगितलेला भात्याचा प्रकार आणि प्रवासाच्या दिशेने होणारा ताण-दाब.

या वर्गीकरणाचे मोल अर्थशास्त्राच्या अध्यापकास विशेष जाणवते. आमच्या शास्त्रात सिद्धांत सहसा मरत नाहीत. वस्तुस्थिती विरुद्ध गेली की ‘इतर परिस्थिती कायम राहिल्यास’ या वाक्याच्या आडोशाला ते जाऊन बसतात आणि अनुकूल काळ येताच पुन्हा बाहेर पडतात. येथे तशी पळवाट नाही. चार जादा प्रकारांपैकी एकाचाही लहानसा अंश एखाद्या लहरीत निःसंशय आढळला, तर व्यापक सापेक्षता सिद्धांत आहे त्या स्वरूपात टिकणार नाही. कारण त्यात जुळवून घेण्यासाठी कोणताही आकडा मोकळा ठेवलेला नाही.

अशी शंका घ्यावी तरी का? विश्वाचे प्रसरण मंदावण्याऐवजी वेगाने वाढत आहे असे १९९८ साली निष्पन्न झाले, तेव्हापासून त्याची दोनच प्रकारची स्पष्टीकरणे पुढे येत आहेत. एक तर विश्वात सर्वत्र एक अज्ञात ऊर्जा भरून राहिली आहे, नाही तर अतिविशाल अंतरांवर गुरुत्वाकर्षणाचा नियमच आपण समजतो त्याहून निराळा आहे. दुसऱ्या पक्षाच्या अनेक सिद्धांतांत एखादे अदिश क्षेत्र गृहीत धरलेले असते आणि तसे क्षेत्र असेल तर भात्याच्या प्रकाराची लहर संभवते. म्हणजे ध्रुवणाचा प्रश्न हा विश्वाच्या जमाखर्चात न सापडणाऱ्या फार मोठ्या रकमेचा प्रश्न आहे. आणि आइन्स्टाइनला पर्याय शोधण्याची परंपरा महाराष्ट्राला परकी नाही. २०२५ साली दिवंगत झालेले जयंत नारळीकर यांनी फ्रेड हॉईल यांच्या समवेत १९६४ साली गुरुत्वाकर्षणाचा वेगळा सिद्धांत मांडला होता, आणि त्यांनीच पुढे १९८८ साली पुण्यात स्थापन केलेली ‘आयुका’ ही संस्था आज औंढ्याच्या प्रकल्पातील एक प्रमुख भागीदार आहे.

दोन समीकरणे, पण एकच साक्ष

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथील ‘लायगो’च्या दोन वेधशाळांनी पहिली गुरुत्वीय लहर पकडली. दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाल्याची ती वर्दी सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवरून आली होती. काटकोनात बसविलेल्या ४ किलोमीटर लांबीच्या दोन बाहूंमधून लेसरचे किरण फिरवून, प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या हिश्श्याहूनही सूक्ष्म असा लांबीतील फरक ही वेधशाळा टिपते. माणसाच्या हस्तकौशल्याची ही परिसीमा म्हटली पाहिजे. पण ध्रुवणाच्या दृष्टीने या दोन वेधशाळांत एक उणीव आहे आणि ती हेतुपुरस्सर ठेवलेली आहे. त्यांचे बाहू जवळजवळ समांतर आहेत. खरी लहर आणि स्थानिक गोंगाट यांतला फरक कळावा, एकीला जे ऐकू आले तेच दुसरीलाही ऐकू यावे, म्हणून ती योजना केली गेली. पहिल्या शोधासाठी ती योग्यच होती. ध्रुवणासाठी मात्र दोन साक्षीदारांनी एकाच खिडकीतून पाहिल्यासारखे झाले.

संख्याशास्त्र शिकविणाऱ्या कोणालाही ही अडचण ओळखीची वाटेल. वेधशाळेची प्रत्येक नोंद हे एक समीकरण. आइन्स्टाइनच्या दोन प्रकारांच्या लहरी या दोन अज्ञात राशी. दोन समीकरणांतून दोन अज्ञात राशी निघतील, पण उत्तर बरोबर आले की नाही हे ताडून पाहण्यास काही शिल्लक उरणार नाही. त्यातून दुसरे समीकरण पहिल्याचीच नक्कल असेल तर दोन राशीही नीट निघणार नाहीत. तिसरी वेधशाळा वेगळ्या कोनात उभी राहिली की पहिल्यांदा ताळेबंद मांडता येतो. तिन्ही नोंदी विशिष्ट प्रमाणात एकत्र केल्या की आइन्स्टाइनच्या दोन्ही लहरी परस्परांना छेदून जातात आणि बाकी शून्य उरली पाहिजे. ती शून्य न आली तर खात्यावर तिसऱ्याच कोणाची तरी रक्कम जमा आहे असे समजावे. चौथी वेधशाळा आली की अशा दोन बाक्या तपासता येतात, पाचवी आली की तीन. भात्याचा प्रकार आणि प्रवासाच्या दिशेचा प्रकार या दोहोंत अशी काटकोनी वेधशाळा फरक करू शकत नाही, त्यामुळे सहाऐवजी पाचच अज्ञात राशी प्रत्यक्षात उरतात. याचा अर्थ असा की, लहरीची दिशा ठाऊक असेल आणि वेगवेगळ्या कोनांत उभ्या असलेल्या पाच समर्थ वेधशाळा एकाच वेळी जाग्या असतील, तर सर्व प्रकार स्वतंत्रपणे वेगळे काढता येतील. अनेक वेधशाळांच्या नोंदी अशा प्रकारे एकत्र सोडविण्याच्या गणितावर संजीव धुरंधर आणि मासिमो टिंटो यांनी १९८८ साली, म्हणजे पहिली लहर सापडण्याच्या २७ वर्षे आधी, शोधनिबंध लिहिला होता. आपल्याकडचा विज्ञानाभ्यास परदेशातून आलेल्या बातमीनंतरच सुरू होतो असे मानणाऱ्यांनी ही तारीख ध्यानात ठेवावी.

प्रत्यक्षात काय हाती लागले? इटलीत पिसा शहराजवळील ३ किलोमीटर बाहूंची ‘व्हर्गो’ वेधशाळा १ ऑगस्ट २०१७ रोजी अमेरिकेच्या दोन वेधशाळांना येऊन मिळाली आणि १४ ऑगस्टला तिघींनी मिळून एक लहर पकडली. ध्रुवणाची पहिली परीक्षा तिच्यावर झाली. लहर केवळ सदिश असण्यापेक्षा केवळ प्रदिश असण्याच्या बाजूने पुराव्याचे पारडे २०० पटींहून अधिक, आणि केवळ अदिश असण्यापेक्षा १००० पटींहून अधिक जड आहे असे दिसून आले. तीनच दिवसांनी, १७ ऑगस्टला, दोन न्यूट्रॉन तारे विलीन झाल्याची लहर आली आणि तिच्यामागोमाग १.७ सेकंदांनी गॅमा किरणांचा झोत आला. दुर्बिणींनी ती घटना सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या एका दीर्घिकेत नक्की केली. गंमत अशी की व्हर्गोला ही लहर जेमतेम ऐकू आली होती, कारण तिच्या दृष्टीने ती दिशा जवळजवळ मुकी होती. पण ती दिशा मुकी आहे ती आइन्स्टाइनच्या लहरींसाठी. सदिश वा अदिश लहर असती तर नोंदींचा मेळ वेगळा बसला असता. न ऐकू येणे हाच येथे पुरावा ठरला आणि पारडे सदिश पक्षाविरुद्ध एकावर वीस शून्ये इतके झुकले. त्याच १.७ सेकंदांनी आणखीही एक निवाडा केला. १३ कोटी वर्षांच्या प्रवासात लहर आणि प्रकाश यांच्यात एवढाच फरक पडला, तेव्हा दोहोंचा वेग वेगळा मानणारे अनेक पर्यायी सिद्धांत त्या एका दिवसात बाद झाले.

हे वाचून कोणीही म्हणेल की, मग आता उरले काय? एकावर वीस शून्ये एवढा पुरावा असल्यावर परीक्षा संपली. येथे मात्र सावधपणे वाचले पाहिजे. तुलना झाली ती ‘केवळ प्रदिश’ आणि ‘केवळ सदिश’ किंवा ‘केवळ अदिश’ यांच्यात. ज्यांना आज आइन्स्टाइनचे खरे प्रतिस्पर्धी म्हणता येईल असे सिद्धांत लहर केवळ अदिश असते असे म्हणतच नाहीत. त्यांचे म्हणणे असे की लहर बहुतांशी आइन्स्टाइनची असेल, मात्र तिच्यात भात्याच्या प्रकाराची थोडीशी भेसळ असेल. दूध आहे की निव्वळ पाणी आहे एवढीच तपासणी आपण केली आणि दूध ठरविले. त्यात पाणी किती हे अजून धड मोजलेले नाही. या मिश्र पर्यायाविरुद्धचा थेट पुरावा अजून दुबळा आहे.

दुसरी एक अडचण याहून सूक्ष्म आहे. हॉकिंग यांनी १९७२ साली दाखविले की ब्रान्स-डिकी सिद्धांतातील स्थिर कृष्णविवर आणि आइन्स्टाइनचे कृष्णविवर यांत फरक नसतो. तेव्हा या जातीच्या सिद्धांतांत दोन कृष्णविवरांच्या विलीनीकरणातून भात्याची लहर निघण्याचे फारसे कारण नाही. आजवर पकडलेल्या लहरींपैकी बहुसंख्य नेमक्या कृष्णविवरांच्याच आहेत. अदिश क्षेत्राचा माग काढायचा तर न्यूट्रॉन तारे हवेत, आणि ज्यांचा प्रकाशही दिसला असे न्यूट्रॉन ताऱ्यांचे विलीनीकरण गुरुत्वीय लहरींच्या नोंदीत आजपर्यंत एकच आहे, ते २०१७ सालचे. अर्थात इतर मार्गांनीही या सिद्धांतांची कोंडी झालेली आहे. हल्स आणि टेलर यांनी १९७४ साली शोधलेल्या जोडताऱ्याची कक्षा आइन्स्टाइनच्या हिशोबाबरहुकूम आकसत आहे, आणि कॅसिनी यानाच्या रेडिओ संदेशांवरून २००३ साली ब्रान्स-डिकी सिद्धांताला उरलेली जागा फारच अरुंद करण्यात आली. पण या साऱ्या परिस्थितिजन्य साक्षी आहेत. लहरीचीच प्रत्यक्ष जबानी घेणे वेगळे.

वाढते फल

१४ जानेवारी २०२५ रोजी आलेल्या लहरीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. आजवरच्या लहरींत ती अत्यंत स्पष्ट होती आणि कृष्णविवरांच्या क्षेत्रफळाविषयीचा हॉकिंग यांचा नियम तिच्यावर उत्तम प्रकारे तपासला गेला. पण तिची नोंद केली ती हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन या दोनच वेधशाळांनी. एवढा खणखणीत साक्षीदार समोर उभा राहिला आणि ध्रुवणाच्या भेसळीविषयी त्याला विचारण्यास तिसरा वकील हजर नव्हता. जपानमधील ‘काग्रा’ ही चौथी वेधशाळा २०२० साली रुजू झाली आहे; परंतु तिची संवेदनक्षमता अमेरिकेच्या वेधशाळांपेक्षा पुष्कळ कमी असून १ जानेवारी २०२४ च्या नोतो भूकंपात तिचे नुकसानही झाले.

आता सहकाऱ्यांच्या प्रश्नाकडे वळू. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षात आम्ही घटत्या सीमान्त फलाचा नियम शिकवितो. पहिल्या विहिरीइतका लाभ पाचव्या विहिरीचा नसतो. वेधशाळांच्या जाळ्याला हा नियम, निदान पाचव्या वेधशाळेपर्यंत, लागू पडत नाही. दोन समांतर वेधशाळा ध्रुवणाच्या ताळेबंदाची एकही बाकी तपासू शकत नाहीत, आणि नव्या कोनातील प्रत्येक समर्थ वेधशाळेबरोबर एक बाकी वाढते. पृथ्वीच्या गोलाईमुळे औंढ्याची जमीन अमेरिकेच्या आणि युरोपच्या जमिनीशी वेगळ्या कलात आहे. तिची नोंद ही कोणाची नक्कल असणार नाही. त्यात ही वेधशाळा लायगोच्या धर्तीची, ४ किलोमीटर बाहूंची असेल. तिची मुख्य यंत्रसामग्री अमेरिकेकडून यावयाची आहे, हॅनफर्डला बसवावयाचा तिसरा संच भारताला देण्याचे ठरल्यामुळे. हाच संच आधी ऑस्ट्रेलियाला देऊ केला होता आणि २०११ साली तो त्या देशाने स्वीकारला नाही. आपल्या वाट्याला आलेली ही संधी कोणाची तरी नाकारलेली संधी आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

२६०० कोटींना १४० कोटी लोकसंख्येने भागून माणशी १८-१९ रुपये खर्च आहे असे सांगण्याची एक रीत आहे. ती मला मान्य नाही. अशा भागाकाराने कोणतीही योजना स्वस्त ठरते. खरा प्रश्न असा की, ही रक्कम न खर्चिल्यास ती हिंगोलीच्या सिंचनाकडे वळली असती काय? ज्यांनी मराठवाड्याच्या अनुशेषाची चर्चा वर्षानुवर्षे ऐकली आहे त्यांना याचे उत्तर द्यावयास नको. सिंचनाचा पैसा विज्ञानाने अडविलेला नाही. मात्र सहकाऱ्यांच्या नाराजीत एक तथ्य आहे आणि वेधशाळेच्या समर्थकांनी ते नजरेआड करू नये. या वेधशाळेला अवजड वाहतूक, रेल्वे, मोठे कारखाने यांच्या हादऱ्यांपासून दूर अशी शांत जागा लागते. ज्या शांततेमुळे औंढा तालुका निवडला गेला, तिचेच दुसरे नाव औद्योगिक मागासलेपण आहे. ही शांतता पुढील काही दशके जपावी लागणार असेल तर तिचा मोबदला त्या भागाला कोणत्या रूपाने मिळणार, हे आजच सांगितले पाहिजे. परिसरातील शाळा-महाविद्यालयांसाठी विज्ञानशिक्षणाची सोय आणि अतिनिर्वात तंत्र, लेसर, सूक्ष्म विद्युत्‌यंत्रे यांचे प्रशिक्षण देणारी संस्था हिंगोलीतच उभी राहणे ही या मोबदल्याची किमान पातळी समजावी.

खरी चिंता खर्चाची नसून विलंबाची आहे. प्रकल्पाला तत्त्वतः मान्यता मिळाली १७ फेब्रुवारी २०१६ रोजी, पहिल्या लहरीची घोषणा झाल्यावर सहाच दिवसांनी. अंतिम मान्यतेला त्यानंतर सात वर्षे लागली. २०२३ साली पूर्ततेसाठी २०३० हे वर्ष सांगण्यात आले. आणि उपकरणांचे जाळे ही अशी वस्तू आहे की तिचे धागे एकाच वेळी विणलेले असावे लागतात. २०२५ साली अमेरिकी प्रशासनाने मांडलेल्या अर्थसंकल्पी प्रस्तावात लायगोच्या दोन वेधशाळांपैकी एक बंद करण्याची सूचना होती. तशी वेळ कधी आलीच तर औंढ्याची वेधशाळा पाचवी न राहता चौथी ठरेल आणि वर मांडलेला सारा हिशोब एका बाकीने मागे सरकेल. उलट ती वेळेवर उभी राहिली, तर समांतर जोडीतील एक वेधशाळा मिटली तरी ध्रुवणाची परीक्षा चालू राहू शकेल.

अनिश्चिततेच्या अशा काळात आपल्या हातात आधीच असलेल्या साधनांचीही आठवण ठेवावी. नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. स्पंदकांच्या ठोक्यांत पडणारा सूक्ष्म फरक वर्षानुवर्षे मोजून अतिदीर्घ गुरुत्वीय लहरींचा माग घेणाऱ्या भारतीय गटाने तिचाच उपयोग केला, आणि युरोपीय गटासमवेत २९ जून २०२३ रोजी अशा लहरींचा पुरावा जाहीर केला. तेथेही ध्रुवणाची कसोटी आहे. दोन स्पंदकांमधील कोन आणि त्यांच्या ठोक्यांमधील मेळ यांचा जो आलेख हेलिंग्स आणि डाउन्स यांनी १९८३ साली काढला, तो आइन्स्टाइनच्या लहरींसाठी आहे. भात्याच्या लहरींचा आलेख निराळा येतो. निर्णायक निकाल तेथेही अजून यावयाचा आहे, पण प्रतीक्षा करावी लागते ती केवळ नोंदी साठण्याची. औंढ्यात तर नोंदीची वहीच अजून उघडलेली नाही.

विलंबाची किंमत किती, याचा अंदाज २०१७ सालच्या वेळापत्रकावरून येतो. व्हर्गो १ ऑगस्टला रुजू झाली आणि निरीक्षणाचे ते सत्र २५ ऑगस्टला संपले. ध्रुवणाविषयी वर जे सांगितले त्यातील सर्वांत महत्त्वाचे दोन पुरावे या साडेतीन आठवड्यांतले आहेत. इटलीतील अभियंत्यांना आणखी एक महिना लागला असता तर १३ कोटी वर्षे प्रवास करून आलेली ती लहर तशीच निघून गेली असती, आणि तिच्यासारखी दुसरी त्यानंतर आजतागायत आलेली नाही. तेव्हा अणुऊर्जा विभाग आणि विज्ञान व तंत्रज्ञान विभाग यांनी औंढ्याच्या कामाचे टप्पे, प्रत्येक टप्प्याची तारीख आणि आजवर झालेला खर्च दर सहा महिन्यांनी संसदेपुढे ठेवावा. आणि हिंगोलीच्या लोकप्रतिनिधींनी सिंचनाविषयी विचारावयाच्या प्रश्नांबरोबर हाही एक प्रश्न विचारीत जावा.